वीस मिनिटांचं प्रमाणपत्र, पाच महिन्यांची वीज

फेब्रुवारी २०२३ मध्ये आम्ही घरची नऊ क्विंटल तूर ७,६०० रुपये क्विंटलनं व्यापाऱ्याला दिली. त्याच वर्षी दिवाळीत तालुक्याच्या बाजारातून तूरडाळ आणली, ती १७५ रुपये किलोनं. पाकिटावर पत्ता अकोल्याचा होता. सासूबाईंनी डाळ परातीत ओतली, चार दाणे बोटांनी चाचपले आणि म्हणाल्या, "आपलीच तूर जाऊन आली वाट्टे. पण भाडं लयच लागलं बाप्पा तिले."

हे बोलणं डोक्यात राहिलं. २६ फेब्रुवारी २०२५ ला, महाशिवरात्रीच्या दिवशी, आमच्या जुन्या गोठ्याच्या जागी बसवलेल्या मिनी डाळमिलमधून पहिली डाळ पडली. मधले पंधरा महिने मी एका दोनशेपानी वहीत लिहून ठेवले होते: तारीख, कुठं गेले, तिकीट किती, काम झालं की नाही. त्या वहीवरूनच हे लिहिते आहे. मी सुरुवात केली तेव्हा "३५ टक्के सबसिडी मिळवा" म्हणणारे व्हिडिओ ढिगानं सापडले. शाळेच्या टीसीवरच्या नावामुळे महिना जातो, हे एकातही नव्हतं.

गाव पश्चिम विदर्भातलं, शकुंतला रेल्वेच्या बंद पडलेल्या रुळांपासून फार दूर नाही. वस्ती अठराशेच्या आसपास. तालुका १४ किलोमीटर, जिल्हा ५२. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, म्हणून बहुतेक फेऱ्या मी एकटीनंच केल्या. हे सोबत आले असते तर त्यांचं पूर्ण तिकीट आणि शेतातली मजुरी, दोन्ही गेलं असतं.

सगळ्यात आधी अकोल्याला गेलो, १८ डिसेंबर २०२३ ला. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं विकसित केलेली मिनी डाळमिल आमच्याकडं 'पीकेव्ही मिनी डाळमिल' म्हणूनच ओळखतात. चालू मशीन डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैशाची गोष्ट काढायची नाही, असं मामाजींनी बजावलं होतं. मामाजी म्हणजे माझे सासरे. तासाला साधारण क्विंटलभर तूर घेते. आधी तूर चाळायची, रोलमधून एकदा काढून टरफलाला ओरखडे पाडायचे, तेलाचा हात लावायचा, दोन-तीन दिवस ऊन द्यायचं, मग पाण्याचा हात लावून रातभर ढिगात ठेवायची आणि पुन्हा मशीनमध्ये घालायची. नीट जमलं तर शंभर किलोला सत्तर-बहात्तर किलो डाळ, बाकी चुणी, टरफल आणि कणी. आमच्या घरच्या जात्यावर साठ किलो पडली तरी सासूबाई खूश व्हायच्या.

मशीन बनवणाऱ्या दोघांकडून कोटेशन घेतलं. मिल, चाळणी, पॉलिशर, मोटरी मिळून ४,३२,००० रुपये. खाली १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ७७,७६०. या मशीनवर जुलै २०२२ पर्यंत ५ टक्के कर होता, तो १८ झालेला. मोठा गिरणीवाला हा कर पुढच्या विक्रीत वळता करून घेतो. माझी उलाढाल ४० लाखांच्या आत राहणार, मला जीएसटी नंबर घेणं बंधनकारक नाही, म्हणून वळतं करून घ्यायलाही काही नाही. छोट्यांना नोंदणीतून सूट मिळते आणि त्याच सुटीमुळे मशीनवरचा कर अंगावर बसतो. ही गोष्ट मला कोटेशन हातात पडेपर्यंत माहीत नव्हती.

९ जानेवारी २०२४ ला रात्री जेवणं उरकल्यावर मोबाइलवर उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, केली. आधार, पॅन, ओटीपी, बँकेचा खाते क्रमांक, आणि धंद्याचा कोड. डाळमिलचा कोड १०६१३ आहे. पिठाच्या गिरणीचा १०६११, तो चुकून टाकू नका. वीस मिनिटांत प्रमाणपत्र हातात आलं आणि एक रुपया लागला नाही. आमच्या आतेसासऱ्यांनी २००९ मध्ये तेलघाणी टाकली तेव्हा जिल्ह्याला जाऊन आधी भाग एक, मग भाग दोन असं दोनदा निवेदन भरावं लागलं होतं. २०१५ मध्ये ते जाऊन उद्योग आधार आलं आणि १ जुलै २०२० पासून उद्यम. सरकारनं खरंच काही सोपं केलं असेल तर ते हे. फक्त खऱ्या संकेतस्थळाच्या पत्त्याशेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं, तेवढं पाहा. हुबेहूब तसंच दिसणारी खासगी पानं आहेत. आमच्या गावातल्या एका पोराचे तिथं १,५०० रुपये गेले.

मला वाटलं, असंच असेल सगळं. दुसऱ्या दिवशी वही विकत घेतली, ती मात्र नशिबानं.

मी मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमातून जायचं ठरवलं. ही राज्याची २०१९ पासूनची योजना, जिल्हा उद्योग केंद्रातून चालते. ग्रामीण भागात बाईच्या नावानं प्रकल्प असेल तर ३५ टक्के अनुदान आणि स्वतःचे फक्त ५ टक्के. त्यासाठी लागणाऱ्या कागदांत दहावीची टीसी, अधिवास, गावच्या लोकसंख्येचा दाखला, ग्रामपंचायतीचं ना हरकत, जागेचा कागद आणि प्रकल्प अहवाल.

टीसीवर माझं माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं. "दोन्ही बाया एकच कशावरून?" हा प्रश्न मला सेतू केंद्रात, तहसीलमध्ये आणि पुढं बँकेतही विचारला गेला. लग्नाचं प्रमाणपत्र आणा म्हणाले. लग्न २०११ चं, नोंदणी केलेलीच नव्हती. गावात कोण करते? ग्रामपंचायतीत आमचा सचिव म्हणजे ग्रामसेवकच विवाह निबंधक असतो, हेही तेव्हा कळलं. अर्ज, शंभर रुपयांचं कोर्ट फी तिकीट, तीन साक्षीदार, लग्नपत्रिका आणि लग्न लावणाऱ्या महाराजांची सही. पत्रिका आईनं ट्रंकेत जपून ठेवली होती, तिच्या पाया पडावंसं वाटलं. महाराज मात्र २०१९ मध्येच वारलेले, मग त्याबद्दल वेगळं शपथपत्र. नोंद ३० जानेवारीला मिळाली. सचिवानं कुठं अडवलं नाही, पण त्याच्याकडं तीन गावं होती आणि आमच्या गावचा वार मंगळवार. एक मंगळवार चुकला की आठवडा गेला.

बायांनो, धंदा करा की करू नका, लग्नाची नोंदणी करून ठेवा. आणि ग्रामपंचायतीत अर्ज दिला की पोच घ्या. लोकसेवा हक्काचा २०१५ चा कायदा आहे, ज्या सेवा त्यात आहेत त्यांना मुदत ठरलेली आहे आणि मुदत उलटली की अपील करता येतं. पण पोच नसेल तर मुदत मोजायची कुठून?

जागेचा घोळ दुसरा. गोठ्याची जागा गावठाणातली, त्यामुळे अकृषिक परवानगीचा प्रश्न आला नाही. शेतात शेड टाकायचा विचार आम्ही त्याचसाठी सोडला. पण ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर, म्हणजे घरजागेच्या नोंदीवर, नाव अजून आजेसासऱ्यांचं. दोन चुलत सासऱ्यांची संमती हवी. एक गावातच, दुसरे चाकणला कंपनीत. ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका लग्नाला आले तेव्हा मी वरातीआधीच शंभरच्या स्टॅम्पवर त्यांची सही घेतली. "बाई, जेवू तं दे," म्हणाले. जेवणानंतर ते भेटतीलच याची खात्री नव्हती.

१२ फेब्रुवारीला ऑनलाइन अर्ज गेला. प्रकल्प ९,६०,००० रुपयांचा: मशीन ५,१०,०००, शेडची दुरुस्ती १,७०,०००, खेळतं भांडवल २,८०,०००. पहिल्यांदा मी खेळतं भांडवल साडेतीन लाख धरलं होतं. मशीन किमान निम्मं, बांधकाम २० टक्क्यांच्या आत आणि खेळतं भांडवल ३० टक्क्यांच्या आत असं गणित उद्योग केंद्रातल्या मॅडमनी कागदावर मांडून दिलं. एका खासगी माणसानं प्रकल्प अहवालाचे ३,००० रुपये घेतले होते आणि त्यात हीच चूक होती. मॅडमनी चहाच्या वेळात फुकट दुरुस्त करून दिला.

जिल्हा समितीची बैठक मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होती. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. आमच्याकडं मतदान २६ एप्रिलला, निकाल ४ जूनला. तोवर थांबा.

थांबण्याच्या त्या दिवसांत घरात एक अभ्यासू पुतण्या असणं मनोरंजक असतं. तो एमपीएससी करतो. पारा चव्वेचाळीसवर आणि हा दुपारी कडुलिंबाखाली खाटेवर बसून मला नोट्स वाचून दाखवायचा. "काकू, व्यवसाय सुलभतेत भारत १४२ वरून ६३ वर आला होता. जागतिक बँकेची यादी. वीज जोडणीत तं २२वा." मी विचारलं, हे मोजलं कुठं? त्यानं पान उलटलं. मुंबई आणि दिल्ली. आम्ही दोघंही हसलो. पुढं आकड्यांच्या गडबडीमुळे ती यादीच बँकेनं सप्टेंबर २०२१ मध्ये बंद केली, हेही त्याच पानावर होतं. जनविश्वास कायदा २०२३, ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदींतली शिक्षा हलकी किंवा रद्द. राज्याचा त्याच वर्षीचा कायदा, उद्योगांच्या परवानग्यांसाठी 'मैत्री' नावाची एक खिडकी. मला त्या खिडकीपर्यंत जायची गरज पडली नाही. माझ्या अडचणी ग्रामपंचायतीच्या मंगळवारात आणि लग्नपत्रिकेत होत्या, त्यांना खिडकी कुठली?

एक गोष्ट मात्र त्यानं उपयोगाची सांगितली. आपला तालुका 'डी प्लस' गटात येतो, म्हणजे मागास म्हणून उद्योगांना सर्वांत जास्त सवलत मिळणाऱ्यांत. सामूहिक प्रोत्साहन योजना, २०१९. मी आनंदानं वाचायला घेतली. मोठी सवलत भरलेल्या राज्य जीएसटीच्या परताव्याची. सुट्या डाळीवर जीएसटीच नाही आणि माझा नंबरही नाही, तर परत काय देणार? मागास भागांच्या विकासाचा अनुशेष १९८४ च्या दांडेकर समितीनं मोजला, मग २०१३ मध्ये केळकर समितीनं अहवाल दिला, दोन्ही त्याच्या अभ्यासक्रमात आहेत. सवलत आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नागपूरजवळच्या बुटीबोरीची फॅक्टरी असावी, गोठ्यातली डाळमिल नसावी, असं मला वाटून गेलं. माझं वाटणं चुकीचंही असेल, पण वहीत त्या दिवशी तसंच लिहिलं आहे.

२७ जून २०२४ ला समितीनं प्रकरण मंजूर करून बँकेकडं पाठवलं. दुसऱ्याच दिवशी लाडकी बहीण योजनेची घोषणा झाली आणि जुलैभर बँकेसमोर बायांची रांग रस्त्यापर्यंत. मी त्याच रांगेत दोनदा उभी राहिले, एकदा माझ्या आधार सीडिंगसाठी आणि एकदा मॅनेजर साहेबांना भेटायला. दुसऱ्या वेळी रांगेतल्या बाया म्हणाल्या, "तुहा नंबर तं काल लागला होता न वं!"

साहेबांनी पहिला प्रश्न केला: तारण काय? मी रिझर्व्ह बँकेच्या नियमाची प्रत सोबत नेली होती. सूक्ष्म उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही, असा तेव्हाचा नियम होता. माझं कर्ज ९,१२,०००. प्रकल्प दहाच्या आत ठेवण्याचं खरं कारण हेच होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. साहेबांनी कागद वाचला, परत दिला आणि म्हणाले, "ते ठीक आहे. पण तुमच्या सासऱ्यांचं पीककर्ज थकलंय."

आता यावर जरा सविस्तर लिहिते, कारण गावातल्या निम्म्या अर्जांचं गाडं इथं रुततं. मामाजींनी २०२१ मध्ये १ लाखाच्या आतबाहेर पीककर्ज उचललं होतं, याच शाखेतून. २०१७ ची माफी झाली, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची झाली, तेव्हा तिसरीही होईल म्हणून ते भरायचे थांबले. भरणारा येडा ठरतो आणि थांबणारा शहाणा, हे त्यांनी दोनदा पाहिलेलं होतं, मी त्यांना कशाला बोलू. पण मी अर्जदार, त्यांच्या कर्जाला माझी सही नाही, माझ्या स्वतःच्या नावावर आजवर कुठलंच कर्ज नाही. सिबिलमध्ये माझ्यापुढं उणे एक आलं. ते वाईट नसतं, इतिहास नाही एवढाच त्याचा अर्थ. साहेब तोंडी म्हणाले, होणार नाही. मी म्हटलं, कारण लेखी द्या, उद्योग केंद्राला कळवायचं आहे. त्यावर ते बराच वेळ पेन फिरवत बसले आणि म्हणाले, "ताई, सासऱ्यांना एकदा घेऊन या."

घरी आठ दिवस अबोला होता. मामाजींचं म्हणणं, विधानसभा चार महिन्यांवर आली आहे, आता भरणं म्हणजे पैसे नाल्यात टाकणं. शेवटी भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, ६०,००० दिले, दोन बोकड विकले, उरलेले माझ्या भिशीतून. १,२४,३०० भरून कर्ज नवं-जुनं केलं. तीन आठवड्यांत नव्या हंगामाचं पीककर्ज परत हातात आलं, म्हणजे तोटा फारसा नव्हता. पण ते तीन आठवडे मामाजी माझ्याशी फक्त सासूबाईंमार्फत बोलले.

१९ सप्टेंबर २०२४ ला कर्ज मंजूर. स्वतःचे ४८,००० भरले. अनुदानाचे ३,३६,००० हातात मिळत नाहीत, हे नीट समजून घ्या. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून राहतात, तेवढ्या रकमेवर कर्जाचं व्याज लागत नाही, आणि धंदा चालू आहे याची तपासणी झाल्यावर कर्जात वळते होतात. मशीन विकून मोकळं व्हावं म्हणणाऱ्यांसाठी ही योजना नाही. कागदांवर सह्या २२ ऑक्टोबरला झाल्या. आठवडाभर आधीच शंभरचा स्टॅम्प पाचशेवर गेलेला, तीन स्टॅम्पचे दीड हजार लागले.

मधे दोन आठवड्यांचं उद्योजकता प्रशिक्षण, २३ सप्टेंबर ते ५ ऑक्टोबर, रोज जाऊन-येऊन. ताळेबंद थोडाफार कळला. डबा खाताना शेजारी बसलेल्या मसाल्याच्या ताईंकडून मात्र एक मोठी गोष्ट कळली: त्यांनी विजेचा अर्ज समितीच्या मंजुरीआधीच टाकला होता.

मी टाकला नव्हता. मला वाटलं, कर्ज मंजूर झाल्याशिवाय मीटर मागून काय करायचं? कर्ज मंजूर झाल्यावर, २४ सप्टेंबरला, साडेसात एचपीचा अर्ज केला. अर्ज ऑनलाइन, पाच मिनिटांत. ७ ऑक्टोबरला माणूस येऊन फीत लावून गेला. डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ३८० मीटरवर, त्यावरही भार जास्त, सात खांब लागतील. ११ ऑक्टोबरला जोडणीच्या खर्चाची १४,६२० रुपयांची डिमांड भरली. १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता. मी विचारलं, भरलेल्या डिमांडच्या खांबांना आचारसंहिता कशी लागते? उत्तर मिळालं, "ताई, सध्या सगळंच बंद आहे." २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल. ३० नोव्हेंबरला अकोल्याहून मशीन आलं आणि ताडपत्रीखाली जाऊन बसलं. डिसेंबरात खांब आले, नाल्याच्या काठाशी टाकले. संध्याकाळी पोट्टे त्यावर बसून मोबाइल पाहायचे. तार नव्हती. मग तार आली, ठेकेदार नव्हता.

सगळ्यात जास्त रडू मला या काळात आलं. जानेवारीत नवीन तूर निघाली, लोक विचारायला यायचे, "चालू झालं का?" व्याज चालू होतं. लाइनमन भाऊ कळवळून म्हणाले, "विहिरीच्या लाइनवर चालवा न दोन महिने, कोण पाहते?" मोह झाला. पण शेतीच्या जोडणीवर गिरणी चालवणं म्हणजे वीज कायद्याच्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर, दंडाचं बिल येतं. वर ती लाइन दिवसा मिळाली तरी आठ तास, तीही पाळीनं. हे फेऱ्या मारायचे, मी अर्ज लिहायची. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतला. चौथ्या अर्जात ग्राहक तक्रार निवारण मंचाकडं जाणार असं लिहिलं, भांडणाची भाषा न वापरता. २१ फेब्रुवारी २०२५ ला, शुक्रवारी दुपारी, मीटर लागलं. अर्जापासून १५० दिवस.

ज्यांच्या घराजवळून गावठाणाची थ्री फेज लाइन जाते त्यांना हे काहीच लागणार नाही. म्हणून जागा ठरवताना सातबारा-नमुना आठच्याही आधी डीपी कुठं आहे ते पाहा. माझी गोठ्याची जागा फुकट होती म्हणून घेतली. पाच महिन्यांचं व्याज धरलं तर ती फुकट पडली नाही.

या रिकाम्या काळात बाकीचे परवाने झाले. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत डाळमिल हरित गटात येते, संमती ऑनलाइन, एकही फेरी नाही. अन्न परवान्याची वर्षाची फी तेव्हा ३,००० रुपये होती. दिवसाला एक टनाच्या आतलं काम म्हणून. एकदा पाण्याचा तपासणी अहवाल नाही म्हणून अर्ज परत आला, शेडचा नकाशा मात्र मी हातानं पट्टी लावून काढलेला चालला. तेवीस दिवसांत परवाना. वजनकाट्याला मुद्रांकन करून घेतलं. हे सगळं मोबाइलवर झालं, पण गावात रेंज फक्त मारुतीच्या पाराजवळ येते, त्यामुळे अख्ख्या गावाला माझे ओटीपी पाठ झाले.

मीटर लागलं त्याच संध्याकाळी पहिला हात फिरवला, तेल लावलं, तीन दिवस गच्चीवर ऊन दिलं. २६ ला डाळ पडली. पाच क्विंटल तुरीची ३४१ किलो, आणि त्यात कणी भरपूर. पाण्याचा हात जास्त झाला होता. सासूबाई म्हणाल्या, "जात्याले समजते तेवढं मशीनले नाही समजत." मामाजींनी मूठभर डाळ खिशात घातली आणि पारावर दाखवायला घेऊन गेले. माझ्याशी त्या दिवसापासून थेट बोलायला लागले.

विकत घेऊन डाळ विकायचा बेत पहिल्या हंगामात फारसा चालला नाही. तूर ७,१०० पर्यंत खाली आली होती, हमीभाव ७,५५० असताना, आणि डाळही पडली होती. पाकीटबंद करून नागपूरला पाठवावी म्हटलं तर दुकानदार आधी जीएसटी नंबर विचारतो. चाललं ते दुसरंच: लोक घरच्या खाण्याची तूर आणतात, मी किलोला ८ रुपये घेऊन डाळ करून देते. मार्च ते मे ११२ क्विंटल झाली, म्हणजे ८९,६०० रुपये. त्यातून वीज, तेल, दोन बायांची ३०० रुपये रोजी. चुणी गावातल्याच बकऱ्यांना जाते. सहा महिन्यांची सूट संपल्यावर हप्ता सुरू झाला. आता हरभरा, मूग, उडीद येईल तसं चालवते. पावसाळ्यात ऊन नाही म्हणून मशीन बंदच असतं, हे हिशेबात धरून ठेवा. मी धरलं नव्हतं.

वहीतली बेरीज: ३४ फेऱ्या, तिकिटं ३,१२०, झेरॉक्स आणि फोटो १,४८५, स्टॅम्प-नोटरी-शपथपत्र ३,९००, प्रकल्प अहवाल ३,०००. लाच म्हणून कुठं द्यावं लागलं नाही. चहा बराच पाजला.

मागच्या रविवारी पलीकडच्या गावची एक बाई नवऱ्याच्या गाडीवर बसून आली. शेवया आणि कुरडयांचं मशीन टाकायचं आहे म्हणाली. प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन आली होती. उद्यमचं प्रमाणपत्र तिनं आधीच काढलेलं, लॅमिनेशनसुद्धा केलेलं. ते बाजूला ठेवून मी तिची टीसी आणि आधार शेजारी शेजारी मांडले, आणि विचारलं, "लग्नपत्रिका हाय का वं घरी?"